मधले फोटो

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर वाटू द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही. बिभीषण माझा चुलतभाऊ, सोलापुरात लग्नाचे फोटो काढतो. हे सांगताना त्याच्या हातातला चहा गार झाला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

गेल्या माघातला रविवार. मंगळवेढ्याबाहेर, आमच्या बिरोबाच्या देवळापुढचं लिंबाचं झाड. वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यानं सांगितलं, त्याला काही ठाऊक नाही.

त्या दिवशी बिभीषणच्या लेकीचं, राजनंदिनीचं जावळ होतं. जावळ काढताना लेकराला मामा मांडीवर घेतो. पण तिचा सख्खा मामा कुमार त्याच्या सहा-सात महिने आधी मोटारसायकलवरून पडून वारला. पोरीवर लई जीव त्याचा. हसत म्हणायचा, "दाजी, जावळाला भाची माझ्याच मांडीवर. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर दिसली, तर उचलून न्हेतो बघा."

आता मांडीवर घेतलं चुलतमामानं, अजिंक्यनं.

बिभीषणचं जुनं मेमरी कार्ड मंद. सलग फोटो काढायला लागलं की तीन-चार फोटोंत कॅमेरा अडायचा. लेकीचं जावळ काय दोनदा होत नाही. म्हणून आदल्या दिवशी तो सोलापुरात सात रस्ता चौकातल्या शरणबसवच्या दुकानात नवं कार्ड घ्यायला गेला होता.

"डब्यावरचा मोठा आकडा बघू नका की," शरणबसव म्हणाला. "त्यो फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा वेग. कॅमेऱ्यात लिहायचा वेग ह्या बारक्या आकड्यात बघा. हे न्ह्या. ह्यात मधलं काय सुटणार न्हाय."

देवळापुढं जावळाला कात्री चालली. बिभीषणनं बटण दाबून धरलं. कॅमेरा अडला नाही.

पहिली बट आत्यानं पदरात झेलायची, भुईला लागू द्यायची नाही. बिभीषणची बहीण मायाक्का पदर पसरून बसली होती.

पदर रिकामाच...

"पडली कुटं?" ती म्हणाली.

सतरंजी झटकली. अजिंक्यचा सदरा झटकला...

बट नव्हती.

बिभीषणनं तिथंच फोटो मागं घेऊन बघितले.

पहिला. लेकरू, आणि कमरेभोवती अजिंक्यचे दोन हात.

दुसरा... तीन हात.

तिसरा. परत दोन.

चौथा... तीन. तिसरा हात कात्रीखाली धरलेला. मनगटात तांब्याचं कडं. कुमारचं. ते कडं तर ऋतुजानं, बिभीषणच्या बायकोनं, भावाची आठवण म्हणून घरी पेटीत ठेवलंय.

पुढच्या फोटोत मूठ मिटलेली. मुठीतून काळे केस बाहेर आलेले.

बिभीषणला शेवटचा फोटो बघायचा नव्हता, पण अंगठा थांबेना.

अजिंक्य बसलेला. हात तसेच गोल धरलेले...

मांडी मोकळी.

त्यानं झटक्यात मान वर केली. पोरगी मांडीवरच होती. रडत नव्हती. अजिंक्यच्या खांद्यामागं बघून खुदुखुदु हसत होती.

खांद्यामागं कुणीच नव्हतं.

बिभीषणनं ते कार्ड काढलं, जुनं घातलं. लोक म्हणतात, कार्ड काढलं, सुटला की मग तू. कसलं सुटलं? पोरीच्या डोक्यावर सगळीकडं केस आले, पहिली बट कापली तेवढी जागा अजून मोकळी आहे.

जुन्या कार्डावर तिचे फोटो चांगले येतात. प्रत्येकात ती असते.

पण मधल्या वेळात ती कुणाच्या मांडीवर असते, हे बघायची बिभीषणची अजून छाती होत नाही.