यशवंतरावांची धाकटी

बसा बाई, पाट घ्या. शाळेत घालायची पोरं शोधत घरोघर हिंडताय म्हणजे पायांचे तुकडे पडले असतील. चहा टाकलाय. दिवा जरा अलीकडे घेते, चिंचवडात आमच्या आळीपर्यंत वीज अजून कुठली यायला.

शालनचं वय विचारलंत ना? सहावं लागलंय. शाळेत घालायला माझी ना नाही, उलट पाया पडते तुमच्या. पण आधी ऐकून घ्या आणि मग काय ते ठरवा. ती उंबऱ्यावर बसलीय, बसू दे. तिला आपलं बोलणं कळत नाही. बहिरी नाही हो. वेडी तर मुळीच नाही.

आमचे हे, यशवंतराव, पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात कारकून होते. माणसात खोट नव्हती, एक खूळ तेवढं होतं. कुणी पत्ते कुटतं, कुणी तालमीत जातं, हे भाषा करायचे. हसा, मीही हसलेच होते. रविवार उजाडला की सायकल काढून पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत जायचे आणि सिंधी म्हाताऱ्यांना विचारत बसायचे, हाताला तुमच्यात काय म्हणतात, दिव्याला काय म्हणतात. कारखान्यात एक कारवारचा होता, एक भावनगरचा. त्यांचंही डोकं खायचे. मला म्हणायचे, "कौसल्या, मराठी, कोकणी, गुजराती, सिंधी, सगळ्या एका घरच्या बहिणी. नाकडोळे जुळतात बघ. यांना अजून एक धाकटी असती तर ती कशी बोलली असती?" आणि ती धाकटी हे घडवायला बसले.

नवा शब्द झाला की पहिल्यांदा मला ऐकवायचे, तेही पोळी तव्यावर असताना. दिव्याला दिवुल. हाताला हाथू. आईला आयो. मी म्हणायची, "असू द्या तुमची आयो, आधी रॉकेल आणा." कागदावर एक अक्षर उतरवलं नाही. म्हणायचे, लेकरू काय कागदावर वाढतं? शालन मात्र मांडीवर बसून पटापटा म्हणायची. तेव्हा चार वर्षांची होती. बापलेकीचा खेळ आहे, चालू दे, म्हणून मी सोडून दिलं.

मग त्यांना विषमज्वर झाला. माणसं वाचवायची औषधं जिथं होतात तिथला माणूस, आणि तापानं गेला. शुद्ध होती तोवर एकच घोर. "शालन लहान आहे, विसरेल. धाकटी माझ्याबरोबर जाणार." मला राग आला, बाई. बायको उशाशी बसलीय, तिचं पुढं काय, हे एकदा तरी विचारायचं.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला. आम्ही बायका घरीच. काय झालं ते माझ्या दिरांनी आल्यावर सांगितलं. उद्धवराव, निघोज्याला शेती करतात. झाड कावळ्यांनी भरलेलं, पण खाली एक उतरेना. प्रत्येकानं हात जोडून काहीबाही कबूल केलं. वहिनीला अंतर देणार न्हाई. पोरीचं लगीन आमी करू. घर मोडू देणार न्हाई. ऊन डोक्यावर आलं, पोटात कावळे ओरडायला लागले, भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले. "तवा म्या म्हनलं," दीर सांगत होते, "दादा, तुजी ती भाषा शालन बोलंल. दुसरं काय बोलणारच न्हाई. आता तरी शिव बाबा. आन् वहिनी, शब्द तोंडातनं पडला न्हाई तो कावळ्यानं झडप घातली." एवढं सांगून ते पानावर बसले. भोळा माणूस. पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी शालनला म्हटलं, पाणी आण. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, बाप गेल्याचा धक्का आहे, येईल माणसात. आयो म्हणत होती तोवर मला धीर होता. पण पुढं असे शब्द यायला लागले, जे ह्यांनी केलेच नव्हते. ह्यांचा एकेक शब्द मला ठाऊक होता, सांगितलं ना. आणि नुसते शब्द नाहीत हो... लांबच लांब बोलायची त्या चुलीमागच्या कोपऱ्याकडे तोंड करून. मध्येच थांबायची. ऐकायची. मग हसायची.

पुण्याच्या डॉक्टरनं कान, घसा, सगळं तपासलं. काही नाही म्हणाला. शेजारच्या झुलेखाबींनी ताईत आणून बांधला. तो दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात पडलेला, दोरा न तुटता.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. दिवसभर एकच काहीतरी मागत होती. पाणी दिलं, ढकललं. पांघरूण घातलं, फेकलं. मांडीवर घेतलं तर अंग ताठ केलं. पोटची पोर, बाई, आणि तिला काय हवंय ते मला कळेना. मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. शेवटी ती माझ्याकडे पाठ करून कोपऱ्याशी दोन शब्द बोलली आणि निवांत झोपली. आई मी, आणि कळलं ते त्या कोपऱ्याला.

मग परवा मी तिला घेऊन घाटावर गेले. बायकांनी जायचं नसतं, माहीत आहे मला. भर दुपार होती, घाटावर चिटपाखरू नव्हतं. भाताचा पिंड ठेवला आणि म्हटलं, दिरांनी दिलेला शब्द मला परत द्या. तुमची धाकटी जगवायचीय ना, मग माझ्या तोंडी द्या. माझी मराठी घेऊन जा, पण माझ्या पोरीला तिची बोली परत करा... खूप वेळ बसले. एकही कावळा फिरकला नाही. ओल्या राखेसारखा वास मात्र यायला लागला. आणि शालन उठली, चालत गेली, पिंडाला तिनं हात लावला. मी धावेपर्यंत खाल्लासुद्धा... सगळा... दर्भ बाजूला काढून.

तेव्हापासून गप्प आहे. एक अक्षर नाही. म्हणून तर म्हणते, बाई, तुमच्या वर्गात बसू दे तिला. एवढ्या पोरांचा कालवा कानावर पडेल, एखादा शब्द तरी चिकटेल. मला एकदा आई म्हणाली तरी पुरे, मग मी मेले तरी चालेल.

काय म्हणालात? ... नाही, नीट ऐकू आलं नाही. चूल धुरावलीय, त्यानं कान भरल्यासारखे झालेत सकाळपासून.

अगं बाई, उठली बघा ती. तुमच्याकडेच येतेय. घाबरू नका, काही करत नाही...

बोलली! बाई, बोलली ना ती तुमच्याशी? काय म्हणाली? आणि तुम्ही लगेच तांब्या कसा दिलात तिच्या हातात? तुम्हांला कळलं? ... हसताय काय, सांगा ना मला. काय मागितलं तिनं? ... हळू बोला. एकेक शब्द सोडवून बोला, बाई... हे काय बोलताय तुम्ही... मला नाही कळत...

शालन, अगं, मला काय म्हणतेस? पुन्हा म्हण. माझा हात धरून काय म्हणतेस तू... बाई, अशा काय बघताय माझ्या तोंडाकडे, मी काय वेगळं बोलतेय? उठू नका, दिवा नका नेऊ. ती मला हाक मारतेय की काय, तेवढं तरी...

थांबा. चुलीमागून कोण बोललं आत्ता?

ते कळलं मला. शब्दन् शब्द कळला.