क्षारप्रहरीची बोंब

“आई, त्या क्षारप्रहरीला जीभ लावली तर काय होईल?”

निहिराने विचारून टाकलं एकदाचं. मैत्रिणींनी पैजच लावली होती: नियंत्रणकक्षात जायचं, आईबाबा दोघंही असताना, न हसता विचारायचं. ती हसली नाही. आईही हसली नाही, ओरडलीही नाही, आणि तेच वाईट होतं. एरवी पाठीत धपाटा ठरलेला.

मंगळावरच्या नवलोणार वसाहतीला ऊब आणि वीज देणारी उष्णकोठी या कक्षाच्या भिंतीपलीकडे होती. भिंतीत बसवलेला पांढरा खडा, म्हणजे क्षारप्रहरी, हल्ली वेळी-अवेळी बोंब मारायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हापासून आईबाबांनी इथेच मुक्काम ठोकला होता. दर वेळी तपासावं, तर भिंत गार! आज संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर उष्णकोठी विझवून सगळ्यांनी पृथ्वीवर परतायचं, असा हुकूम आला होता. निहिरा जन्मली इथे. पृथ्वी तिने फक्त चित्रात पाहिलेली.

“सांग ना. भाजेल?”

“नाही गं,” आई भिंतीला टेकून म्हणाली. “साधा क्षार तो, आपल्या मिठासारखा. धन कण, ऋण कण, एकाआड एक. एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेत की कुणी जागचं हलत नाही. कण हलल्याशिवाय वीज वाहत नाही. भिंत भयंकर तापली, क्षार वितळला, की कण सुटतात, वीज वाहते, भोंगा वाजतो.”

“आणि भिंत तापलेलीच नाही,” बाबा डोळे चोळत म्हणाले. “मग हा मेला वितळतो कसा? मालविका, आणखी अर्धा पेला ओत बाई. डोळे मिटतायत.”

आईने चहा ओतला. बाबांनी वाफाळता पेला नेहमीच्या फळीवर ठेवला, बरोब्बर क्षारप्रहरीखाली. दुसरीकडे जागा होतीच कुठे?

निहिरा बघत राहिली. गार खड्यावर वाफ धरली. खडा ओलसर चकाकला.

“बाबा, आमटीत मीठ वितळतं की विरघळतं?”

“विरघळतं. मध्येच काय आमटी?”

“पण तेव्हाही कण सुटतातच ना?”

आईने झटकन मान वर केली. “सुटतात. पण इथल्या कोरड्या हवेत पाणी कुठून...”

भोंगा ठणाणा वाजला.

निहिराने पेला उचलला आणि बाहीने खडा खसाखसा पुसला. भोंगा गप्प.

जागं राहायला चहा. चहाने भोंगा. भोंग्याने धावपळ, म्हणून पुन्हा चहा!

“म्हणजे जीभ लावली असती तरी वाजला असता!” निहिरा ओरडली.

आई हसत सुटली, हसता हसता खालीच बसली. “आपणच, हेरंब... आपणच!”

“कळवायला हवं,” बाबा म्हणाले, पण उठलेच नाहीत.

“मी कळवते. आणि माझं ठरलंय,” निहिरा म्हणाली. “आज पहाऱ्यावर मी. तुम्ही दोघं घरी जाऊन झोपायचं. आणि जाताना ते चहाचं पातेलं घेऊन जा!”