तीन पुरवण्यांची किल्ली

शेवडेबाईंनी पट्टी कपाळाला लावली, तशी दवाखान्याच्या रांगेतल्या चौघांनी पाठ फिरवली. काउंटरवरच्या मुलीनेही खुर्ची वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. कुणी मनकिल्ली लावत असताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं नाही, ही रीत आता पोरासोरांनाही शिकवावी लागत नाही. पूर्वी म्हणे लोक एटीएमवर चार आकडे दाबताना हाताचा आडोसा करीत. आता आडोसा चेहऱ्याला लागतो.

बाईंनी डोळे मिटले. पट्टी कोमट झाली, मग गार पडली. बीप वाजून पडद्यावर लाल अक्षरं आली : 'जुळत नाही. एक संधी शिल्लक.'

"सकाळीही नव्हती जुळली ना, बाई?" मुलीने पाठमोऱ्या अवस्थेतच विचारलं. "शनिवारी सरांचं ऑपरेशन आहे. विम्याची मंजुरी तुमच्या 'संचित'मधून आल्याशिवाय मला पुढं काहीच करता येत नाही हो. आणि तिसऱ्यांदा चुकली तर सहा महिने सील. कोर्टाचे कागद आणावे लागतात."

बाईंचे यजमान मिलिंदराव शेवडे वरच्या मजल्यावर बारा नंबरच्या खोलीत होते. मंगळवारी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. दोघांना मूलबाळ नाही. घरातले सगळे व्यवहार पहिल्यापासून बाईंकडे, कारण बाई गणिताच्या.

'संचित' म्हणजे घरखर्चाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. बँका, विमा, पेन्शन, फंड, विजेचं बिल, या सगळ्यांचे पासवर्ड ते आपल्या पोटात साठवून ठेवतं आणि त्या पोटाला एकच कुलूप असतं. या कुलपाची किल्ली एके काळी एक साधा शब्द असे. लोक मुलीचं नाव आणि जन्मसाल जोडून तो बनवीत, आणि विसरायला नको म्हणून फ्रिजवर चिकटवून ठेवीत. देवाची कृपा म्हणून बरीच वर्षं निभावलं. मग कोणताही शब्द चुटकीसरशी शोधून काढणारी गणकयंत्रं आली. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, आवाज, सगळ्यांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळू लागल्या. जे लिहिलं, बोललं किंवा टिपलं जातं ते चोरता येतं, एवढा धडा त्यातून मिळाला. तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळाच प्रश्न विचारला. माणसाकडे असं काय आहे, जे त्याच्या डोक्याबाहेर कुठेच नाही आणि जे तो मेला तरी कुणाला सांगणार नाही?

उत्तर शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. लाज.

आनंदाची आठवण चालत नाही, कारण माणूस ती चार ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडं मीठमसाला घालतो. दुःख वाटून घ्यायला माणसं भेटायला येतात. लाज मात्र जिथल्या तिथे राहते. ती आठवली की मेंदूत विजेच्या अतिसूक्ष्म लहरी उठतात आणि त्यांचा आकार प्रत्येकाचा निराळा असतो. पट्टी तो आकार वाचते. प्रसंग काय होता ते तिला कळत नाही. हीच मनकिल्ली. 'जनाची नाही तर मनाची तरी बाळग' असं जुनी माणसं चिडून म्हणत. आता तेच बँका नम्रपणे म्हणतात.

किल्लीबरोबर दोन अटी येतात. प्रसंग कुणाला सांगायचा नाही. आणि ज्याच्याशी आपण वाईट वागलो, त्याची क्षमा मागायची नाही. दोन्हींतल्या कशानेही लहरींचा आकार बदलतो आणि किल्ली मोडते. दुसऱ्या अटीकडे सुरुवातीला कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

किल्ली दुरुस्ती केंद्रात डॉक्टर निहार पाध्ये यांनी बाईंसमोर पडद्यावर दोन रेषा मांडल्या.

"ही अकरा वर्षांपूर्वीची, किल्ली नोंदवली त्या दिवशीची. आणि ही आजची. प्रसंग शाबूत आहे. माणसं, आवाज, जागा, सगळं जागच्या जागी. पण इथं जो उंचवटा होता ना, तो बसलाय."

"सोप्या भाषेत सांगा, डॉक्टर. मी गणिताची बाई आहे, मेंदूची नाही."

"आठवण म्हणजे अल्बममधला फोटो नव्हे. आपण ती दर वेळी बाहेर काढतो आणि नव्याने लिहून परत ठेवतो. लिहिताना हात जरासा इकडेतिकडे होतोच. तुम्ही अकरा वर्षं दिवसातून दोनदा ती काढलीत. म्हणजे आठेक हजार वेळा."

"आठ हजार तीस," बाई म्हणाल्या. "लीप वर्षं सोडून."

"बरं, आठ हजार तीस. आणि प्रत्येक वेळी तुम्ही तिच्या शेजारी एखादं कारण लिहीत गेलात. 'तेव्हा मला बरं नव्हतं.' 'तिचं तसंही फार काही होणार नव्हतं.'"

बाई दचकल्या. हे जवळजवळ त्यांचेच शब्द होते. "तुम्हाला कसं कळलं?"

"मला प्रसंग माहीत नाही, बाई. पण सगळे हेच लिहितात." डॉक्टर टेबलाकडे पाहत म्हणाले, "तुम्ही स्वतःला माफ करून टाकलंय. मशीनला ते चालत नाही."

खरंच होतं. पहिल्या वर्षी पट्टी लावली की बाईंचे कान तापत आणि नंतर तासभर घास गिळवत नसे. अलीकडे त्या एका हाताने पट्टी धरून दुसऱ्या हाताने चहा गाळत असत. आपल्याला लाज वाटेनाशी झाली आहे आणि हे एका यंत्राने आपल्याला सांगावं, याची बाईंना विलक्षण शरम वाटली. ही नवी शरम त्या कुलपाच्या मात्र काही उपयोगाची नव्हती, कारण नवी किल्ली नोंदवायलाही आधी जुनी लागावी लागते.

"उपाय आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही त्याला उजळणी म्हणतो. ती व्यक्ती हयात आहे?"

"आहे. तासगावला असते."

"मग एकदा तिला भेटून या. बसा, बोला, चहा घ्या. फक्त कबूल काही करू नका. कबुली दिलीत तर जी थोडी उरली आहे तीही जाईल."

"म्हणजे तिच्या समोर बसायचं आणि गप्प राहायचं."

"त्यानेच ती ताजी होते." डॉक्टरांनी मान वर केली नाही. "हे शास्त्र मी शोधलेलं नाही, बाई. मी फक्त किल्ल्या दुरुस्त करतो."

गुरुवारी दुपारी बाई तासगावच्या गाडीत बसल्या, आणि वाटेत त्यांनी तो प्रसंग पहिल्यापासून आठवून पाहिला.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर. मूळ उत्तरपत्रिका भरली की मुली जादा पानं, म्हणजे पुरवण्या, घेत आणि शेवटी दोऱ्याने मागे बांधून देत. सानिका लोहार नावाच्या मुलीला एकोणीस गुण पडले. तिच्या बापाने तिला बजावलं होतं, पास झालीस तर शाळा, नापास झालीस तर लग्न. निकालाच्या दिवशी ती भर वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी तीन पुरवण्या बांधल्या होत्या. तुमच्याकडं राहिल्या असतील."

सेहेचाळीस मुलींसमोर बाईंचा पारा चढला. "अभ्यास करायचा नाही आणि वर बाईंवर आळ घ्यायचा? लाज नाही वाटत? म्हण, मी खोटं बोलले."

सानिका रडत रडत म्हणाली, "मी खोटं बोलले."

तीन आठवड्यांनी बाई कपाट आवरायला बसल्या. फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली तीन पुरवण्या सरकलेल्या होत्या. दोरा सैल बसला होता, एवढंच. चार गणितं, चारही बरोबर, आकृत्या पट्टीने आखलेल्या. मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी लिहिली असती तर सगळं निस्तरलं असतं; सानिकाची शाळा सुटली होती, पण लग्न अजून व्हायचं होतं. बाईंनी त्या पुरवण्या मागच्या पडवीतल्या बंबात घातल्या. आतून मिलिंदराव म्हणाले, आज पाणी छान तापलंय.

सावळज रस्त्यावर बेदाण्याची शेड होती. लांब टेबलांवर सात-आठ बायका बेदाणा निवडत होत्या आणि गंधकाच्या धुरीचा वास नाकात बसत होता. टोकाला वजनकाट्याशी उभी असलेली बाई वळली, क्षणभर पाहत राहिली आणि हात पदराला पुसत धावतच आली.

"बाई! तुमी? आन् हितं?" तिने वाकून पायांना हात लावला. "आगं, खुर्ची आना गं कुनीतरी. ह्या माज्या शाळंतल्या बाई. गनिताच्या."

शेड सानिकाची स्वतःची होती. नवरा वारल्यावर तिने ती उभी केली होती. चहा आला. सर कसे आहेत, तिने विचारलं. दवाखान्यात आहेत, बाई म्हणाल्या. मग सानिकाने बायकांकडे एकदा पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुमाला आठवत बी नसंल. नववीच्या निकालाला मी वर्गात तुमच्यावर आळ घेतला हुता. तीन पुरवन्या बांधल्या हुत्या म्हनून."

बाईंनी कप बशीत ठेवला.

"मला खरंच वाटत हुतं, बांधल्यात म्हनून. आजून डोळं झाकलं की दोरा दिसतोय मला. पर तुमी कशाला खोटं बोलशीला? मीच मनानं रचलं आसंल, बापाच्या भ्यानं. तुमाला सगळ्या वर्गाम्होरं खाली बघाय लावलं मी."

"जाऊ दे गं. किती वर्षं झाली."

"जाऊ दे कसं? माजी किल्ली तीच हाय, बाई. रोज पट्टी लावली की तुमचा चेहरा म्होरं येतोय. कान तापत्यात आजून."

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. एकाच वर्गातली, एकाच सकाळची लाज दोघींनी जपली होती. जिने गुन्हा केला तिची झिजून गेली, आणि जिने काहीच केलं नव्हतं तिची अजून ऊन होती.

"अगं, गप्प बस," बाई घाईने म्हणाल्या. "हे सांगायचं नसतं. किल्ली मोडेल तुझी."

"मोडू द्या. ठावं हाय मला. सा म्हैनं पैसं आडकतील, ह्या बायकांचा पगार उसनंपासनं करीन. पर तुमी सवता दारात आलाय. परत कवा गावशीला?" तिने हात जोडले. "माफ करा मला, बाई."

"सानिका, त्या पुरवण्या..." बाईंच्या तोंडून निघालंच.

सानिका वर पाहू लागली. डोळ्यांत तोच नववीतला विश्वास. मिलिंदराव पलंगावर होते, शनिवार दोन दिवसांवर होता, हे सगळं खरं. पण खरं सांगायचं तर मिलिंदराव बाईंना मागाहून आठवले. आधी दिसली ती या नजरेतली आपली किंमत, आणि ती घालवायचा त्यांना धीर झाला नाही.

"त्या पुरवण्यांचं मनात ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. "माफ केलं मी तुला."

सानिका पदर तोंडाला लावून रडली. मग हसली. निघताना तिने दोन किलो हिरवा बेदाणा पिशवीत भरून दिला, सरांसाठी. "लई हलकं वाटतंय बगा, बाई," असं म्हणत ती गाडीपर्यंत सोडायला आली.

शुक्रवारी सकाळी बाईंनी केंद्रात पट्टी लावली. वर्ग समोर आला, सेहेचाळीस मुली, रडणारी सानिका. या वेळी शेजारी एकही कारण आलं नाही. कान तापले, आणि पट्टी नीट गरम होण्याआधीच 'संचित' उघडलं. विम्याची मंजुरी दवाखान्यात पोहोचली.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले. "उंचवटा पहिल्यापेक्षा दुप्पट आहे. इतकी ताजी किल्ली मी आजवर पाहिली नाही. तुम्हाला जन्मभर पुरेल, बाई. कुणाला सांगितलं नाहीत तर."

बेदाण्याची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"दोनच प्रश्न, फॉर्मपुरते," डॉक्टरांनी पेन उघडलं. "संबंधित व्यक्तीची क्षमा मागितली का?"

"नाही."

"संबंधित व्यक्तीने क्षमा केली का?"

बाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. "बाई?"

"नाही," शेवडेबाई म्हणाल्या. "मीच तिला केली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. फॉर्मवर 'हो' आणि 'नाही' अशा दोनच चौकटी होत्या. त्यांनी 'नाही'वर खूण केली, आणि मग हळूच खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड केलं. बाईंच्या कपाळाला तेव्हा पट्टी नव्हती.