पंग ताईंची खुर्ची

स्थळ: तैवानमधील सिनचू, मोबाइल मनोऱ्यांचे प्रक्षेपक तपासण्याची आमची खोली. काळ: चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यातील पौर्णिमा, भर दुपार. पुढील प्रत्येक शब्द सत्य आहे. ज्याला शंका असेल त्याच्याशी वाद घालण्यास मी तयार आहे.

खाली फाटकापाशी ‘भल्या बंधूं’साठी नैवेद्य मांडला होता. या महिन्यात मेलेले परत येतात, म्हणून आम्ही त्यांना भुते म्हणत नाही. उकडलेली कोंबडी, बिस्किटे, हात धुण्यास पाणी, कोरा टॉवेल.

वर मी आणि आमचे प्रमुख, फान-च्यांग.

पूर्ण ताकदीवर प्रक्षेपक सिग्नल वाकवतो. पडद्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना कचऱ्याचे खांदे, म्हणजे नको असलेल्या लहरींचे उंचवटे, उगवतात. मशीन लर्निंगवर चालणारी माझी प्रणाली तो वाकडेपणा शिकते आणि सिग्नल आधीच उलट वाकवून पाठवते. त्या दुपारी ती नापास झाली असती, तर माझा गट बंद होणार होता.

प्रणाली चालू केली. खांदे नाहीसे झाले.

पुराव्यासाठी बंद केली. आता ते परत यायला हवे होते...

आले नाहीत.

मी तारा तपासल्या. प्रणालीचा संगणकच सोडवून टेबलावर ठेवला. सिग्नल तरीही निर्मळ.

मग कोपऱ्यातून आवाज आला... टक्. टक्.

जुन्या नियंत्रणपेटीचे बटण फिरावे तसा. तिथल्या खुर्चीत पंग ताई बसत. हीच दुरुस्ती त्यांनी आयुष्यभर हाताने केली. “माझी खुर्ची यंत्राला देणार नाही,” असे त्या मला बजावत. वसंतात त्या वारल्या.

फान-च्यांग कुजबुजले, “सिग्नल स्वच्छ आहे ना? मग पास. चल, खाली जाऊ.”

“सर, माझी प्रणाली तर टेबलावर पडलीय. पास झालं कोण?”

“गाढवा, मिळतंय ते घे ना गुपचूप!”

“नाही घेणार.”

“हळू बोल. आणि नाव घेऊ नकोस. या महिन्यात नाव घेतलं की ते वळून बघतात.”

मी उभा राहिलो आणि पूर्ण नाव उच्चारले.

“पंग यूए-च्याओ! उठा, ताई. नापास व्हायचं तर मी माझ्या हिमतीवर होईन.”

टकटक थांबली.

खुर्ची... सावकाश आमच्याकडे वळली.

पडद्यावर दोन्ही खांदे उसळले.

मी प्रणाली पुन्हा जोडली. खांदे दबले, तळाशी एक बारीक उंचवटा तेवढा राहिला. मघाशी तोही नव्हता.

खुर्चीच्या पाठीवर खालच्या नैवेद्यातला टॉवेल होता... ओला.

आज त्या खुर्चीत मीच बसतो. पाठ मात्र टेकवत नाही.

त्या दुपारी फान-च्यांगांनी पडद्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले.

“तू पास,” ते म्हणाले. “पण ताईंचा हात जास्त साफ होता.”