वेणूचं दूध

दुपारचं जेवण उरकून पुष्कर बुवापाड्याला निघाला, तेव्हा त्याच्या मनात भीतीबिती काही नव्हती. होता तो कंटाळा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचा हा अधिकारी. काम एवढंच, की वेणू नावाच्या बाईच्या लाळेचा आणखी एक नमुना आणायचा.

पहिला नमुना तिच्या बाळंतपणानंतर तपासणी म्हणून घेतला होता. तिच्या अंगातली दूध बनवायची जनुकीय खूण कंपनीने यीस्टमध्ये घातली. आता तिच्या दुधातलं प्रथिन पोलादी टाकीत तयार होत होतं, तान्ह्या बाळांच्या पावडरीसाठी. वेणूला हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारणं तर लांबच राहिलं.

खोलीत शिरताच करपलेल्या दुधाचा वास आला. शेगडी तर थंड होती.

वेणू भिंतीला टेकून बसली होती. छातीवर ओलं फडकं. तिची सासू जनाबाई हळूच म्हणाली, "पोरगं शाळेत जातंय आता. दूध कवाच आटलं. तरी हिची छाती भाजती. दूध उतू जाऊन विस्तवात पडलं की गाईची कास जळती म्हणत्यात. हिचं कोण जाळतंय, साहेब?"

पुष्करला प्लांटमधली टाकी आठवली. टाकीतल्या प्रत्येक खेपेनंतर उरलेलं यीस्ट वाफेने मारायचं, हा त्याचाच नियम होता. माणसाने घडवलेला जीव गटारात जिवंत सुटू नये म्हणून. नियम चांगलाच होता.

इतक्यात प्लांटवरून जितेशचा फोन आला. "सर, टाकी रिकामी करायचीय. स्टीम सोडू?"

पुष्कर शिकलेला माणूस. मनातली शंका खोटी पाडायचा मोह त्याला आवरला नाही. "सोड."

थोडा वेळ काहीच झालं नाही. पुष्करला हायसं वाटलं, हसूही आलं. मग वेणूने दोन्ही हातांनी छाती धरली. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "लागली... पेटली..." आणि फडक्यातून वाफ निघायला लागली.

"बंद कर! जितेश, बंद कर!"

वेणू हळूहळू शांत झाली. पुष्करला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने जनाबाईच्या पायांना हात लावला, सगळं खरं सांगितलं आणि शब्द दिला, की त्या टाकीला पुन्हा आच लागणार नाही. जनाबाईने तोंडाला पदर लावला.

तो दाराशी चपला घालत होता. मागून पुन्हा तोच करपट वास आला. त्याने घाईघाईने फोन लावला.

"इकडे सगळं बंद आहे सर, वॉल्व्हला कुलूप आहे." जितेश जरा घुटमळला. "पण सर... मागच्या महिन्यात मालकांनी त्या यीस्टच्या बाटल्या दुसऱ्या कंपन्यांना विकल्या ना. कुठं कुठं, ते नाही माहीत."

पुष्कर मागे वळला. वेणूने डोळे मिटले होते. फडक्यातून पुन्हा वाफ निघत होती.

"हे तुमचं नाही, साहेब," ती समजुतीने म्हणाली. "हे लांबचं आहे... आणि लई ठिकाणचं."