टाचणीएवढा उजेड

रिकामं बसू नये, काहीतरी वाढवावं, असं लेकीचं म्हणणं होतं. म्हणून सरांनी झाडं लावली, पण पाण्यात. समोरचं बिऱ्हाड हललं तेव्हा काचेची एक पेटी मागे राहिली होती. ती त्यांनी बैठकीच्या खोलीत आणली, तळाला माती आणि वर वाळू पसरली, आणि लाल-हिरव्या पाणवनस्पतींचे देठ चिमट्याने एकेक करून रोवले. मासे सोडले नाहीत. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते; घरात आणखी कुणी मरायला नको होतं.

प्रश्न उजेडाचा होता. अशा झाडांसाठी मिळणारे तयार दिवे पाहून सरांनी कपाळाला हात लावला आणि विजेच्या सामानाचं दुकान गाठलं. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी, काठावर पास झालेला.

"पांढऱ्या दिव्यांची पट्टी दे. भरगच्च दिव्यांची."

"दुकान टाकताय की काय, सर?"

"झाडं वाढवायचीत."

"मग सूर्याने काय घोडं मारलंय?"

"खिडकी उत्तरेला आहे. तुला दिशा तेव्हाही कळत नव्हत्या."

दुकानदार हसला. सरांनाही बरं वाटलं. दिवसभरात त्यांचं कुणाशी झालेलं बोलणं ते तेवढंच.

घरी येऊन त्यांनी पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत चिकटवली, म्हणजे ती तापणार नाही. बंद पडलेल्या कुठल्याशा यंत्राचा बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडला. वायर मुद्दाम प्लगच्या खाली लोंबती सोडली, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगात न शिरता तिथूनच टपकेल. हे सगळं ते मोठ्याने समजावून सांगत होते. आयुष्य वर्गात गेलेलं. हात चालले की तोंडही चालायचं.

लेकीचा फोन आला तेव्हा उत्साहाने म्हणाले, "वायर खाली का सोडायची, ओळख बघू?"

"बाबा, माझी मीटिंग आहे. ऐका, पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे राहायला या. भिंतींशी किती दिवस बोलणार?"

"बघतो."

त्यांचं 'बघतो' म्हणजे 'हो', हे दोघांनाही ठाऊक होतं.

झाडं जोमाने वाढली. मग वाकू लागली.

दिवा बरोबर डोक्यावर असताना सगळे देठ पुढच्या काचेकडे कलले. काचेसमोर दोन खुर्च्या होत्या. एक सरांची, दुसरी बायकोची. शेंडे त्या दुसऱ्या खुर्चीकडे वळले होते.

सरांनी खिडकीवर जाड पडदा ओढला. फरक पडला नाही. बायकोची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली. दोन दिवसांत देठ तिकडे वळले. पुन्हा जागेवर आणली, पुन्हा मागे आले.

सर खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले. आसनावर हात ठेवला. गार होतं. झाड उजेडाकडे वळतं, हे त्यांनी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलं होतं. झाडाला थाप मारता येत नाही. म्हणजे तिथे उजेड होता. आपल्याला न दिसणारा, एवढंच.

"मग बघायचा कसा?" त्यांनी मोठ्याने विचारलं, आणि सवयीने उत्तराची वाट पाहिली.

बंद खोक्याला टाचणीने भोक पाडलं की समोरच्या वस्तूचं उलटं चित्र आत, मागच्या बाजूला पडतं. आणि शेवाळ उजेड असेल तिथेच धरतं. सरांनी काचा आतून घासून लख्ख केल्या, दिवा बंद केला, पेटी चहूबाजूंनी आणि वरूनही काळ्या पुठ्ठ्याने झाकली. खुर्चीच्या समोर एक भोक पाडलं. टाचणीएवढं.

त्या दिवसांत ते संध्याकाळी दिवा न लावता, पडदे ओढून, आपल्या खुर्चीत बसत. काय केलं, का केलं, ते शेजारच्या खुर्चीला सावकाश सांगत. मध्येच "कळलं का?" म्हणत. मनात आशा होती, ती कुणाची हे काय सांगायचं.

पुठ्ठा काढला तेव्हा मागच्या काचेवर शेवाळाचा हिरवा डाग होता. त्याला आकार होता. सरांनी मोबाइलवर फोटो काढला आणि उलटा फिरवून पाहिला.

खुर्चीत कुणीतरी बसलेलं होतं.

बायको नव्हती. त्यांनी मनाला खूप पटवून पाहिलं, पण तिचे पाय जमिनीला टेकायचे. हे पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते. ते मध्येच लोंबत होते. मान थोडी कललेली, सरांच्या खुर्चीकडे. ऐकणाऱ्या मुलाची असते तशी.

लेक मोठी झाल्यावर घेतलेल्या या घरात असं लहान कुणी कधी राहिलं नव्हतं.

भोकावर चिकटपट्टी लावायची, सामान बांधायचं आणि लेकीकडे जायचं, हेच शहाणपणाचं होतं. त्यांनी फोन उचललाही.

"अगं, मी येत नाही एवढ्यात."

"बाबा! का पण?"

"इथे जरा शिकवणी लागलीय."

"कुणाची?" तिला आनंदच झाला. "हुशार आहे का?"

"ऐकून घेतो," सर म्हणाले.

त्यांनी काच घासली. पुठ्ठा पुन्हा लावला. रोज संध्याकाळी अंधारात ते शिकवू लागले. पाणी वर का चढतं. चंद्र का झिजतो. आवाज भिंतीवरून परत का येतो. त्यांना गाढ झोप लागू लागली. जेवणाची मात्र आठवण राहीना. आरशासमोर दाढी करताना बल्ब कमजोर झालाय असं वाटे. चेहरा नीट दिसत नसे.

दुकानदार एकदा जिन्यात दिसला, वरच्या मजल्यावरचं काम उरकून उतरताना. "अरे!" सरांनी हाक मारली. तो त्यांच्या अगदी जवळून, शीळ घालत, खाली उतरून गेला.

घरी येऊन सरांनी पुठ्ठा काढला. फोटो घेतला. उलटा फिरवला.

लोंबते पाय तसेच होते. शेवाळ तिथे दाट झालं होतं.

शेजारी, सरांच्या खुर्चीच्या जागी, आजवर काच कोरी असायची.

आता तिथे फिकट, नुकतंच धरलेलं हिरवं होतं. एक पाय दुमडून बसलेलं, एक हात वर, समजावून सांगताना असतो तसा.