कानातलं नाव

“मेलेल्या मुलीनं हाक मारली, तर पोलिसांत तक्रार देता येते का?”

समोरच्या तरुणीनं हे इतक्या साधेपणानं विचारलं, की सेवकरामांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. रेल्वेत छत्तीस वर्षं पॉइंट्समन म्हणून काढल्यावर त्यांनी नको ते पुष्कळ पाहिलं होतं. पण निवृत्तीनंतर भाचीच्या भंडाऱ्यातल्या खासगी तपासाच्या कचेरीत बसू लागल्यापासून कानावर पडायच्या त्या लग्नाआधीच्या चौकशा, घर सोडून गेलेली माणसं, फार तर एखादी खोटी सही. भूत पहिल्यांदाच आलं होतं.

भाची रक्षा पडोळे मात्र जराही हलली नाही.

“नाही देता येत,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही माझ्याकडे आलात. पहिल्यापासून सांगा.”

तरुणीचं नाव हर्षा. मूळची वर्ध्याची. सिहोऱ्यापलीकडच्या आंबेटोल्याच्या शाळेत ती शिकवत होती आणि जूनपासून गोदावरीबाई नावाच्या विधवेच्या घरी भाड्यानं राहत होती. बाईंचे पती यादोराव दोन वर्षांपूर्वी वारले. एकुलती एक मुलगी चंदा पाच वर्षांची असताना घरामागच्या तलावात बुडाली, त्याला एकतीस वर्षं झाली.

“दहा दिवसांपूर्वी सकाळी सहाला धुकं दाटलं होतं. तलावाच्या बाजूनं आवाज आला. बारीक, बाईचा. मी तेव्हाच लिहून ठेवलं.” तिनं डायरी पुढे केली. त्यात एकच ओळ होती : *आई, मी निलुफर.* “तीनदा आला. मग बंद.”

“निलुफर कोण?”

“चंदाच. हे गोदावरीआजींनी मला नंतर सांगितलं. बाहेर चंदा, पण बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं नाव हे. नजर लागू नये म्हणून ते कुणी चारचौघांत घेतलंच नाही. आजी, यादोराव आणि ती आत्या, जनाबाई, एवढ्या तिघांनाच ठाऊक. त्यातली दोघं आज नाहीत.” हर्षानं डायरी आणखी पुढे सरकवली. “सोमवारी आजी आवाजाच्या मागं पाण्यात उतरल्या. कमरेइतक्या. मी ओढून काढलं. सगळं गाव गोळा झालं होतं.”

“मग आवाज थांबला?”

“नाही. बुधवारी पुन्हा आला. खोल बाजूकडून.”

रक्षानं डायरीतल्या ओळीवर बोट ठेवलं. मग उठली. “चला मामा.”

*

गोदावरीबाई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होत्या. चेहरा इतका प्रसन्न, की सेवकरामांना उलट भीतीच वाटली. कानानं त्या कमी ऐकत; रक्षाला मोठ्यानं विचारावं लागे.

“माही निलपरी येऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “तुमी कायले भेता?”

“नाव कुणी निवडलं होतं?”

“आमच्या घरच्यायनं, चंदाच्या बापानं. त्यायले रेडिओचा लय नाद. दूरदेशाचे हिंदी कार्यक्रम लागत ना, त्याच्यात बाया बोलत. त्यायचे नावं हे वहीत लिहून ठेवत, अर्थासकट. मले वाचता येत नाही, त मले सांगत. हाना म्हंजे जपानात फूल. मार्गारेट म्हंजे मोती. नादिया म्हंजे आशा. आयलिन म्हंजे चंद्राची सावली. म्हनत, जगातल्या साऱ्या मायबापायनं लेकीसाठी एकच गोष्ट मांगितली, नुसती भाषा वेगळी.”

“ती वही कुठे आहे?”

“पेटीत होती. दिवाळीपासून दिसत नाही.”

“चंदा तुम्हाला काय म्हणायची?”

“माय. आनखी काय म्हनन?”

“हा आवाज ‘आई’ म्हणतो.”

म्हातारी गोड हसली. “एकतीस वर्स झाले बाई. तिकडं शिकली असन.”

 सेवकराम न राहवून म्हणाले, “वहिनी, आपल्याकडं म्हणतात, धुक्यातल्या हाकेले ओ देऊ नये. तुमाले भेव नाही वाटत?”

“भुताचं भेव वाटते, भाऊ. लेकीचं कायचं भेव?”

निघताना एक गोष्ट हर्षानं सांगितली. गोदावरीबाई आपलं घर आणि तलावाकाठची जमीन गावातल्या मुलींच्या अभ्यासिकेला देणार होत्या, चंदाच्या नावानं. बक्षीसपत्राची नोंदणी पुढच्या आठवड्यात तुमसरला होती.

*

टेकचंद तलावात मासे धरायचा. जनाबाईंचा मुलगा, म्हणजे चंदाचा आतेभाऊ. तो काठावर जाळं वाळत घालत होता.

“सकाळी तुम्ही पाण्यावरच असता?” रक्षानं विचारलं.

“रोजच. पन धुक्यात होडी सोडत नाही मी आता. आवाज मीबी आयकला. हातातून वल्हं सुटलं.”

“काय ऐकलं?”

“आपलं नाव सांगून राह्यली होती ते. निलपरी.” त्यानं जीभ चावली.

रक्षाचे डोळे बारीक झाले. “हे नाव तुम्हाला कसं ठाऊक?”

“माह्या मायनं मरतानी सांगतलं. म्हने, मी पोरीच्या कानात ‘निलपरी’ म्हनलं, अन् पानी घेऊन गेलं तिले. नाव बाधलं म्हने. शेवटपर्यंत तेच घोकत होती बिचारी.” तो पुटपुटला, “बाई, आमी संगं खेळलो आहो. तिच्या नावानं मी कायले खेळ करीन?”

परत येताना सेवकराम हळूच म्हणाले, “हाच आहे. तिघांनाच माहीत असलेलं नाव याला माहीत. होडी याची, तलाव याचा. जमीन गेली तर काठही जाईल.”

“हं,” रक्षा म्हणाली. एवढंच.

शेजारच्या घरी यादोरावांचा पुतण्या चंद्रकुमार राहत होता. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मोकळा. यादोरावांच्या घराण्यात त्याच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं; घर-जमीन पुढंमागं त्याच्याकडेच जाणार, असं गाव धरून होतं. त्याची बायको मोना बाळंतपणाला वरठीला माहेरी होती. परवाच दीड महिन्याची मुलगी घेऊन परतली होती. ती दाराआड पोरीला थोपटत उभी राहिली.

“काकूचं डोकं फिरलं आहे, दुसरं काय,” चंद्रकुमार म्हणाला. “मी म्हनतो, तिले नागपूरले दाखवा.”

“मुलगी गोड आहे. नाव काय ठेवलं?” रक्षानं विचारलं.

त्याचा चेहरा खुलला. “आयलिन! मोबाईलवर शोधलं. तुर्की नाव आहे. म्हंजे चंद्राची सावली.”

“वा! नावांची आवड काकांकडून आली वाटतं. त्यांची एक वही होती ना?”

“काकाले रेडिओचं येड होतं. वहीबिही मी कधी पाह्यली नाही.”

मोनानं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पोरीला थोपटू लागली.

त्या संध्याकाळी रक्षानं मामांना मोबाईलवर आयलिनचा अर्थ शोधायला बसवलं. सेवकरामांनी चष्मा लावून तासभर घालवला. “सगळीकडं एकच आहे. चंद्राभोवती पडतं ते खळं. सावली कुठंच नाही.”

“नीट पाहिलंत?”

“सात ठिकाणी पाहिलं.”

“मग आठवं नको,” ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं, की तलावाच्या पाळीवर उभं राहिल्यावर स्वतःचे पाय दिसेनात. समोर पाणी आहे हे फक्त त्याच्या वासावरून कळत होतं. गोदावरीबाईंच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती. हर्षा, रक्षा आणि सेवकराम पाळीवर उभे होते.

सहाला पाच मिनिटं असताना आवाज आला.

“आई… मी निलुफर.”

तो कुठून आला हे कळेना. पाण्यातून, धुक्यातून, चहूकडून. पातळ, दूरचा, जणू बोलणारीला आपण बोलतो आहोत याचं भानच नाही. 

“आई… मी निलुफर.”

मागं घरात कडी खडखडली. आतून, दाराच्या फटीला कान लावून बसलेल्या म्हातारीचा आवाज आला, इतका आनंदी, की ऐकवेना. “ओ! आली वं माय, आली!” आणि मग दारावर नखं ओरखडल्याचा आवाज.

“आई… मी निलुफर.”

मग सारं शांत झालं. हर्षा रडत होती. रक्षाची नजर पाण्याकडे नव्हतीच. ती घड्याळाकडे पाहत होती.

“मालगाडी होती,” सेवकराम काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. “भोंगा आला ना हाकेमागून. बारीकसा.”

“इथं कुठली गाडी, काका?” हर्षानं डोळे पुसले. “रेल्वे कुठच्या कुठं राहिली.”

“छत्तीस वर्षं ऐकलाय मी तो. पण असा कोण वाजवतो? प्रत्येक हाकेमागं एक, मोजून तीनदा. तसाच्या तसा.”

रक्षा झटकन वळली. “मामा,” ती म्हणाली, “कचेरीत तुम्ही नुसते चहा प्यायला बसता असं मी आजपासून म्हणणार नाही.”

*

दुपारी गोदावरीबाईंच्या अंगणात सगळे जमले. टेकचंद खांबाला टेकून उभा होता. चंद्रकुमार खुर्चीवर बसला होता. मोना पोरीला घेऊन जरा मागं. रक्षानं बोलावलेले दोन पोलीस फाटकाशी थांबले होते.

“भूत असतं की नसतं, हा माझा विषय नाही,” रक्षानं सुरुवात केली. “पण आपलं नाव कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. चंदाच्या कानात जे नाव गेलं ते निलपरी. आजी तेच म्हणतात, टेकचंदभाऊ तेच म्हणतात. जनाबाईंच्या तोंडून ज्यानं ऐकलं, त्याच्यासाठी ते निलपरीच. मग हा आवाज ‘निलुफर’ का म्हणतो?”

“एकच नव्हे का ते?” सेवकराम म्हणाले.

“मूळ एकच. निलुफर हे फारसी नाव. आपलं नीलोत्पल, निळं कमळ, तिकडं गेलं आणि निलुफर झालं. यादोरावांनी रेडिओवर ऐकून वहीत तसंच लिहिलं. पण जनाबाईंच्या जिभेला ते वळलं नाही. त्यांनी पोरीच्या कानात निलपरी सांगितलं. आजींना ऐकू कमी येतं; त्यांनी मनातलं होतं तेच ऐकलं. टेकचंदभाऊंनीही. हर्षाताईंना नाव ठाऊकच नव्हतं, म्हणून त्यांनी होतं तसं लिहून घेतलं. म्हणजे हाक घडवणाऱ्यानं हे नाव कानानं ऐकलेलं नाही. वाचलेलं आहे. टेकचंदभाऊ सुटले.”

टेकचंदनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“हर्षाताई वाचू शकतात. पण आज हाक आली तेव्हा त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या, रिकाम्या हातानं. उरला वही नेणारा. चंद्रकुमार, आयलिन म्हणजे काय?”

“सांगतलं ना. चंद्राची सावली.”

“मोबाईलवर सगळीकडे ‘चंद्राचं खळं’ आहे. सावली ही यादोरावांची चूक. ती फक्त त्यांच्या वहीत होती, आणि आजींच्या आठवणीत. आजींनी तुम्हाला सांगितलं होतं?”

“मी कायले सांगू? पोरीचं नाव काय ठेवलं, तेच मले नीट आयकू आलं नाही,” गोदावरीबाई म्हणाल्या.

चंद्रकुमार हसला. “मानलं, वही पाह्यली. त काय झालं? आवाज बाईचा आहे. मी बाई आहो का?”

“तो ध्वनिमुद्रित आहे. तीनही हाका एकाच मापाच्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तोच मालगाडीचा भोंगा. इथं रूळ नाहीत. बोलणारी बाई रेल्वेजवळच्या घरात बसली होती.” रक्षानं मागं पाहिलं. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “मोनाताई, तुमचं माहेर स्टेशनपासून किती लांब?”

 मोना सावकाश पुढं आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

“रुळाले लागूनच आहे,” ती म्हणाली. “बारशाच्या आधी यायनं दोन नावं पाठवले. म्हने, पोरगी मोठी झाल्यावर सांगन तसं म्हनून दाखव, कोन्तं चांगलं लागते पाहू. मी लाडानं म्हनलं. मले काय माहीत…” तिनं पदराखालून मोबाईल काढला आणि बटण दाबलं.

*आई, मी निलुफर.* मागोमाग बारीक भोंगा. मग, *आई, मी आयलिन.*

गोदावरीबाई पहिल्या हाकेलाच उठून उभ्या राहिल्या होत्या. दुसरी ऐकून त्या खाली बसल्या.

“घर हातचं जाऊन राह्यलं होतं!” चंद्रकुमार ओरडला. “मले नुसतं भेवाडाचं होतं तिले! भेऊन गाव सोडन, दान मोडन, बस्स!”

“सोमवारी त्या पाण्यात उतरल्या,” रक्षा म्हणाली. “तोवर तुम्ही म्हणता ते मी मानलं असतं. भीतीनं त्या पळतील असं तुम्हाला वाटलं, आणि त्या उलट हाकेकडे धावल्या. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तरी बुधवारी तुम्ही मोबाईल घेऊन काठच्या बेशरमाच्या झुडपांत बसलात. आणि या वेळी जागा निवडलीत ती खोल पाण्याची.”

पोलीस त्याला घेऊन गेले. वही त्याच्या कपाटात, पोरीच्या दुपट्यांखाली सापडली. निलुफर या शब्दापुढं यादोरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : *आमच्या चंदाचं. कानातलं.*

*

संध्याकाळ होत आली तरी रक्षाचा पाय निघेना. गोदावरीबाई ओसरीवर तशाच बसून होत्या. सकाळचं तेज चेहऱ्यावरून पुसून गेलं होतं आणि त्या एकाएकी फार म्हाताऱ्या दिसत होत्या.

“म्हंजे ते आलीच नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नाही, आजी.”

“तुमी लय हुशार हा, बाई. माहा जीव वाचवला. पन दहा दिवस मी अंधारात उठत होती, केस विंचरत होती. कोनीतरी हाक मारन म्हनून.” त्यांनी रक्षाकडे सरळ पाहिलं. “आता सांगा. उद्या सकाळी मी कायले उठू?”

सेवकरामांनी भाचीकडे पाहिलं. ती ओसरीच्या पायरीवर बसली.

मोना दारात उभी होती. डोळे रडून सुजलेले, कडेवर पोर. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. मग ती तशीच आली आणि ओसरीच्या टोकाला, बरंच अंतर ठेवून बसली.

“काकू,” ती खालमानेनं म्हणाली, “पोरीले न्हाऊ घालाचं मले जमत नाही. हात कापते. वरठीले माही माय घालत होती.”

गोदावरीबाईंनी पोरीच्या कोरड्या टाळूकडे पाहिलं.

“तेल कोन्तं लावता?” त्यांनी विचारलं.

“खोबऱ्याचं.”

“थंडीत खोबऱ्याचं?” म्हातारीनं नाक मुरडलं. “मोहरीचं लागते. उद्या सकाळी सहाले घेऊन ये.”